अकरा वेळा व्हय

आम्हा दोघा भावांत मिळून एकच फुलपँट होती. म्हणून मी सकाळच्या कॉलेजात गेलो आणि धाकटा दुपारच्या आयटीआयला. साडेबाराला म्हसळ्याच्या एसटी स्टँडमागे तो हाफपँटवर माझी वाट बघत उभा असायचा. एसटीला उशीर झाला की त्याची हजेरी बुडायची आणि शिव्या मला बसायच्या. वडील रस्त्याच्या कामावर डांबर ओतायचे. त्यांच्या पायांची कातडी कायम करपलेली. आई लावणीला, कापणीला, कुणी बोलावील तिकडे. बौद्धवाडीतल्या आमच्या घराच्या भिंतीवर ज्यांचा फोटो होता, त्यांच्या अंगातला कोट बघून वडिलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, की थोरल्यानं वकील व्हायचं.

झालो वकील. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएटही मीच आणि पहिला वकीलही मीच. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. कोट शिवला आणि मग कळलं, की नुसत्या कोटानं भागत नाही. ज्याच्यामागे उभं राहून शिकायचं असा सीनियर लागतो. तालुक्यातल्या सहा वकिलांकडे गेलो. सहाही जणांनी चहा पाजला, गाव विचारलं, गावातली वाडी विचारली आणि सध्या जागा नाही म्हणाले. सातव्या ठिकाणी मात्र जागाच जागा होती, कारण तिथे पक्षकार येणं बंद झालं होतं. ते ऑफिस वासंती नाखवांचं. अख्खा तालुका त्यांना नाखवाबाई म्हणायचा आणि त्या दिवसांत नावापुढे आणखी बरंच काही म्हणायचा.

बाई तेव्हा साठीच्या घरातल्या. जन्म कोळीवाड्यातला, बापाच्या दोन होड्या, स्वतःचं लग्न नाही. ‘तारखा पडत गेल्या,’ एवढंच कारण त्या सांगायच्या. बांधा ठेंगणा, आवाज असा की कोर्टाच्या आवारातले कावळे उडावेत. आमच्याकडच्या पावसाळ्यात काळ्या कोटावर पांढरी बुरशी धरते. बाई दर सोमवारी तो कोट खोबरेल लावलेल्या फडक्यानं पुसायच्या. त्यामुळे जुलै-ऑगस्टात त्या उलटतपासाला उभ्या राहिल्या की साक्षीदाराला आपण कुणाच्या न्हाणीघरात आलोय असं वाटत असावं. ज्युनियरचं कौतुक करायचं म्हणजे गुन्हाच. फार खूश झाल्या तर ‘बस’ म्हणायच्या. स्वतःचं इंग्रजी कच्चं आहे हे त्यांना माहीत होतं, पण समोरच्याचं पक्कं आहे हे त्या कधी मान्य करायच्या नाहीत.

कागद त्या स्वतः वाचत नसत. ज्युनियरनं मोठ्यानं वाचायचे आणि बाईंनी डोळे मिटून ‘हं… हं…’ करत ऐकायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, सगळं पटतंय त्यांना. अर्ध्या तासानं मी भीतभीत विचारलं, “बाई, फिर्यादीचं म्हणणं आपल्याला मान्य आहे का?” डोळे न उघडता म्हणाल्या, “हं म्हणजे कान उघडे आहेत. मान्य-अमान्य तोंडानं सांगीन. वाच पुढे.”

पक्षकार बंद व्हायचं कारण म्हणजे सोमा वाघमारे.

काशीदच्या अलीकडे एका वाडीत मोकल गुरुजी आणि त्यांची बायको राहायची. गुरुजींनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला. बार असोसिएशनमधले निम्मे वकील, ठाण्यातले दोन हवालदार, बँकेचा मॅनेजर, सगळे त्यांच्या छडीखालचे. एका दुपारी त्या दोघा म्हाताऱ्यांना घरात घुसून कुणीतरी कोयत्यानं मारलं. तपशील मी लिहीत नाही. पंचनामा मी मोठ्यानं वाचलाय, तेवढं पुरे.

तिसऱ्या दिवशी सोमाला धरला. कातकरवाडीतला माणूस, गुरुजींच्या वाडीत नारळ-सुपारी काढायचा. कोयता त्याचाच होता. तो नेहमी गुरुजींच्या पडवीतच असायचा, पण हे कोण ऐकतो. शिवाय त्याच्या झोपडीत गुरुजींचं मनगटी घड्याळ सापडलं. गुरुजींनीच दिलं, असं त्याचं म्हणणं. ते खरं की खोटं हे सांगू शकणारी दोनच माणसं होती आणि ती दोन्ही गेलेली. वर मॅजिस्ट्रेटसमोर कबुलीजबाब. आता फाशीशिवाय दुसरं काय होणार, असं सगळे धरूनच चालले होते.

आमच्या वकिलांनी ठराव केला, की सोम्याचं वकीलपत्र कुणी घालायचं नाही. ठरावाच्या सभेला बाई हजर होत्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, की ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांच्या मारेकऱ्यासाठी उभं राहायला कुणाची जीभ रेटेल. प्रश्न सगळ्यांना होता, रोख एकटीकडे. कारण बाईंनी याआधी असे दोन-तीन कुणालाच नको असलेले लोक पदरात घेतले होते.

बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “आठवीत मला गुरुजींनी शंभरात चौतीस दिले होते. सगळी उत्तरं बरोबर होती, पुस्तकाच्या मागं बघून लिहिलेली. मी भांडायला गेले. म्हणाले, उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवल्याशिवाय मार्क नाहीत. आता तुम्ही सगळे मागचं पान बघून फाशी लिहिताय. गुरुजींनी किती मार्क दिले असते सांगा.”

तरी ठराव एकमतानं झाला, म्हणजे बाईंचं मत सोडून. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी आरोपीसाठी सरकारी खर्चानं वकील नेमायचा म्हणून विचारलं, की कोण घेणार. भरलेल्या कोर्टात सगळ्या काळ्या कोटांनी एकदम पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. बाई उठल्या.

त्यानंतर बाईंचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. खाली लिहिलं होतं, ‘गुरुजींच्या खुन्याची वकील, ओळखून ठेवा.’ मी रागानं त्यांना मोबाईल दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, फोटो जुना आहे, आता केस पिकलेत, या फोटोवरून कोण ओळखणार.

खरा घाव वेगळाच बसला. कोळीवाड्यानं त्यांना मासे द्यायचं बंद केलं. मांसमच्छी सोडलेल्या माणसाला यातली शिक्षा कळणार नाही. बाजारात चांगुणा नावाची त्यांची मावसबहीण बसायची. बाई समोर आल्या की ती टोपलीवर ओलं फडकं ओढायची.

“तुला न्हाय देनार. सोम्याला सांग खेकडं धरून आनायला.”

“अगो, तो जेलात हाय,” बाई म्हणाल्या. कोळीवाड्यात त्यांची भाषा आपसूक बदलायची.

“मग तूबी जा तिकडं जेवायला.”

बाजार हसला. बाईही हसल्या, पण घरी अंडं उकडलं. वर्षभर वरण, अंडी आणि बटाटा. दुपारी मी डबा उघडला आणि आईनं दिलेली सुकट बाहेर आली की बाई खिडकीतून बाहेर बघायच्या. चार दिवस बघितलं, पाचव्या दिवशी मी डबा मधोमध सरकवला. “वकील आरोपीची, पण जीभ कोळणीची,” असं म्हणून त्यांनी निम्मी सुकट संपवली. पुढे आईनं परस्पर दोन माणसांची द्यायला सुरुवात केली. ज्यांना अख्खं गाव वाळीत टाकतं त्यांना जेवू घालायचं आमच्या वाडीला नवीन नव्हतं.

आता कबुलीजबाबाचं. जेलात सोमाला भेटायला गेलो तेव्हाची गोष्ट. बाईंचा नियम होता, आरोपीला ‘तू केलंस का’ असं कधी विचारायचं नाही. पहिला प्रश्न कायम एकच: “जेवलास का?”

सोमा हाडकुळा, नजर खाली. म्हणाला, “व्हय.”

मागे उभा असलेला शिपाई म्हणाला, “कसलं जेवतोय बाई, दोन दिवस ताटाला हात नाही लावला.”

बाईंनी शिपायाकडे बघितलं, मग सोमाकडे. “म्हणजे नाही जेवलास?”

“व्हय.”

“घरी कोण आहे? बायको आहे?”

“व्हय.”

“का बायको नाही?”

“व्हय, बाई.”

मग अगदी गंभीर चेहऱ्यानं बाईंनी विचारलं, “सोमा, तू आज विमानानं आलास का?”

“व्हय,” सोमा म्हणाला.

मला हसू आलं आणि बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर चप्पल दाबली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “हसतोस काय? तुझे आजोबा साहेबासमोर काय म्हणत होते, आठव.” मला आठवावं लागलं नाही. आजोबा तलाठ्यासमोर प्रत्येक वाक्याला ‘जी’ म्हणायचे. तलाठी जमीन त्यांची नाही असं सांगत होता तेव्हाही ‘जी’. साहेब बोलत असताना आपण ऐकतोय एवढं दाखवायचं, बाकी हो-नाही म्हणायची आपली पायरी कुठे. सोमाचं ‘व्हय’ तेच होतं.

त्याच दिवशी ऑफिसात मी कबुलीजबाब वाचायला घेतला. मॅजिस्ट्रेट परजिल्ह्यातले, नवीन. कबुली घेण्याआधी आणि घेताना विचारायचे प्रश्न छापील होते, उत्तरं कारकुनानं भरलेली. प्रश्न अकरा. तू हे स्वखुशीनं सांगतोस का? होय. कबुली द्यायला तू बांधील नाहीस हे समजलं का? होय. असं वाचत वाचत मी चौथ्यावर आलो आणि पुढे गेलो. बाईंचं ‘हं’ आलं नाही. वर बघितलं तर त्यांनी डोळे उघडले होते.

“चौथा परत वाच.”

“पोलिसांनी तुला मारहाण केली किंवा धाक दाखवला का? उत्तर, होय.”

कारकुनानं इमानदारीनं जे ऐकलं ते शुद्ध करून लिहिलं होतं, ‘व्हय’चं ‘होय’. मॅजिस्ट्रेटनं ढिगातला कागद म्हणून सही केली होती. पोलिसांनी वाचलं नाही, सरकारी वकिलांनी वाचलं नाही. सगळ्यांनी फक्त शेवटचा प्रश्न वाचला होता: मोकल दांपत्याला तू मारलंस का? होय.

“बस,” बाई म्हणाल्या. माझ्या वकिलीतलं ते पहिलं ‘बस’.

मला वाटलं, आता बाई कोर्टात मारहाणीचा डोंब उसळवणार. त्यांनी तसं काहीच केलं नाही. मॅजिस्ट्रेट साक्षीला आले तेव्हा बाईंनी एकच विनंती केली, की चौथा प्रश्न आणि उत्तर वाचून दाखवावं. त्यांनी वाचलं. वाचता वाचता त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाई खाली बसल्या. बाहेर एसटीचा कंडक्टर पालीच्या गाडीसाठी ओरडत होता ते आत ऐकू आलं.

आता सरकारी वकिलांना काहीतरी करणं भाग होतं. ते हुशार गृहस्थ, अस्सल इथले, आणि इथल्या माणसाची नाडी आपल्याला कळते याचा त्यांना भारी अभिमान. अंतिम युक्तिवादात ते रंगात आले. म्हणाले, साहेब, हा चौथा ‘होय’ शब्दशः घेऊ नये. आमच्या भागातला अडाणी माणूस ‘व्हय’ म्हणतो तो होकार नव्हे. ती बोलायची लकब आहे. ‘व्हय’ म्हणजे फक्त ऐकतोय. त्यांनी दोन उदाहरणंही दिली, चांगली दिली. एक तर त्यांच्या घरच्या गड्याचं होतं.

बाई उठल्या. खोबरेलाचा वास आला. “साहेब, विद्वान सरकारी वकिलांनी आत्ता जे सांगितलं ते मला शब्दशः मान्य आहे. माझं इतकंच म्हणणं आहे, की जे चौथ्या ‘होय’ला लागू तेच बाकीच्या दहांना लावावं. मला आणखी काही बोलायचं नाही.”

न्यायाधीश पेनचं टोपण लावत होते, ते लावायचे थांबले.

कबुली गेल्यावर उरलं काय, तर पडवीत कायम असणारा कोयता आणि एक घड्याळ. तेवढ्यावर फास बसत नाही. न्यायाधीशांनी निकाल वाचला, निर्दोष मुक्तता, आणि आरोपीला विचारलं, “समजलं का?” सोमा म्हणाला, “व्हय,” आणि पिंजऱ्यातच उभा राहिला. पाच मिनिटं. शेवटी हवालदारानं हाताला धरून बाहेर काढला आणि जा म्हणून सांगितलं, तेव्हा तो गेला. बाईंना नमस्कारसुद्धा केला नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाल्या, सुटलेला माणूस परत दिसला नाही की समजायचं बरं चाललंय. परत येतो तो दुसऱ्या केससाठी.

मी त्या दिवशी हवेत होतो. पण कोर्टाच्या व्हरांड्यात गुरुजींची मुलगी उभी होती. मीनलताई, पनवेलला बँकेत असतात. प्रत्येक तारखेला रजा काढून यायच्या आणि पहिल्या बाकावर बसायच्या. त्या बाईंच्या समोर आल्या. ओरडल्या नाहीत.

“बाई, माझ्या आईनं तुम्हाला पुरणपोळी वाढलीय. आठवतं?”

“आठवतं.”

“झोप लागते तुम्हाला?”

“नाही लागत,” बाई म्हणाल्या.

मीनलताई निघून गेल्या. मला वाटलं होतं, बाई काहीतरी ठेवणीतलं बोलतील, कायद्याचं. ऑफिसात येऊन त्यांनी कोट काढला आणि शनिवार असूनही पुसायला घेतला. मी न राहवून विचारलं, “बाई, त्यानं केलं होतं का?”

“तू वर्षभर माझ्याकडे काय शिकलास?” एवढं बोलून त्या पुसत राहिल्या. एक बाही पुसून झाल्यावर म्हणाल्या, “हे बघ, एखाद्याला मारायचंच असेल तर सरकारनं निदान घाम तरी गाळावा. यांनी तिसऱ्या दिवशी माणूस धरला आणि पंखा लावून बसले.”

पुढे चांगुणाच्या मुलाला जेट्टीवरच्या मारामारीत पोलिसांनी उचललं. समोरचा मरता मरता वाचला होता. चांगुणा सगळ्यांच्या आधी बाईंच्या दारात, हातात दोन पापलेटं. माझ्या पोरानं काय केलं न्हाय, असं दहादा म्हणाली. बाईंनी विचारलं, तुला कसं ठाऊक, तू होतीस तिथं? बाईंनी केस घेतली आणि पापलेटंही घेतली. राग माशावर काढायचा नसतो, म्हणाल्या.

शेवटचं त्यांना बघितलं ते गुरुजींच्या शाळेत. निकालाला तीन वर्षं झाली होती. गुरुजींच्या स्मृतिदिनाला माजी विद्यार्थी दर वर्षी वह्यावाटप करतात. बाईंना आमंत्रण नसायचं आणि त्या दर वर्षी जायच्या. गुडघे गेलेले, काठी आलेली. मी मोटारसायकलवर नेलं. मागच्या रांगेत त्या बसल्या, शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पुढे भाषणं चालली होती. गुरुजींच्या शिस्तीवर बोलणारे बरेचसे पुस्तकाच्या मागचं पान बघून पास झालेले होते.

मध्येच मीनलताई पुढच्या रांगेतून उठल्या, मागे आल्या आणि बाईंच्या शेजारी बसल्या. मी उठायला लागलो तर बाईंनी हातानं बस म्हटलं. मग मीनलताईंनी हळू आवाजात विचारलं, “मला फक्त एक सांगा. मी कुणाला सांगणार नाही. त्यानं केलं नव्हतं ना?”

एका शब्दाच्या उत्तराचा प्रश्न होता. ‘नव्हतं’ म्हटलं असतं तर त्या बाईला बाकीचं आयुष्य थोडं सोपं गेलं असतं, आणि आमच्या बाईंनाही.

“मला माहीत नाही, बाळ.”

“तुम्ही त्याला सोडवलंत आणि तुम्हाला माहीत नाही?”

“मी सोडवलं नाही. त्यांना धरून ठेवता आलं नाही. त्यानं केलं असेल तर त्यांनी नीट सिद्ध केलं नाही, आणि नसेल केलं तर ज्यानं केलं तो इतकी वर्षं आपल्यातच फिरतोय. दोन्हीत तुझंच नुकसान. मला ते तेव्हाही माहीत होतं.”

मीनलताई रडल्या नाहीत. पदराची कड बोटाला गुंडाळत राहिल्या. “मग मी कुणाला विचारू?”

“ज्यांचं काम होतं त्यांना विचार. त्या घरात त्या दिवशी आणखी कोण आलं, गेलं, कुणाचे ठसे घेतले, कुणाचे घेतले नाहीत. आणि तोंडी नको, तोंडी विचारलं की ते ‘हो हो’ म्हणतात. लेखी विचार.” मग काठीनं माझ्याकडे दाखवत म्हणाल्या, “हा लिहून देईल. याचं अक्षर चांगलं आहे.”

वह्यावाटप संपेपर्यंत मीनलताई त्याच खुर्चीवर बसून होत्या. निघताना बाई उठायला लागल्या तर गुडघ्यांनी साथ दिली नाही. मीनलताईंनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि फाटकापर्यंत आणलं. मी मोटारसायकल सुरू केली, बाई मागे बसल्या. कोळीवाड्याच्या तोंडाशी उतरल्या आणि मागे न बघता काठी टेकत गल्लीत शिरल्या. पुढच्या महिन्यात त्या गेल्या.

मीनलताईंचा अर्ज मी तयार केला. सोळा पानं, रीतसर. तपासात कुणाकुणाला विचारलंच नाही त्याची यादी त्यात आहे. तो दोनदा फेटाळला गेला. तिसऱ्या वेळी मंजूर झाला. मोकल गुरुजी आणि त्यांच्या पत्नीच्या खुनाचा पुढील तपास नव्या अधिकाऱ्यानं करावा, असा कोर्टाचा हुकूम झाला आहे. अर्जदाराचा वकील म्हणून त्या हुकमावर माझं नाव आहे.